क्लॉक टॉवर आणि अबराज अल-बैत यांत फरक काय?

उमऱ्याच्या (हजखेरीज इतर वेळी होणाऱ्या मक्केच्या यात्रेच्या) पॅकेजवर ‘मुक्काम : क्लॉक टॉवर’ असं लिहिलेलं असतं आणि मक्केत पोहोचल्यावर खोली मिळते शेजारच्या टॉवरमध्ये. दोन नावांची सरमिसळ झाली की असं होतं.

हरमच्या, म्हणजे काबा जिथे आहे त्या मोठ्या मशिदीच्या दक्षिणेला, किंग अब्दुलअझीझ दरवाजासमोर जे अख्खं संकुल आहे ते अबराज अल-बैत. ‘बुर्ज’चं अनेकवचन अबराज, बैत म्हणजे घर, इथे काबा. यात सात टॉवर आहेत आणि घड्याळ त्यांतल्या एकावरच. 601 मीटर उंची, 43 मीटर व्यासाची तबकडी हे सगळं त्या एकट्याचं. हजर, झमझम, मकाम, किब्ला, मरवा आणि सफा हे बाकीचे सहा त्याच्या निम्म्याहूनही ठेंगणे.

हॉटेलं निरनिराळी आहेत, त्यामुळे व्हाउचरवर टॉवर आणि हॉटेल दोन्हींची नावं लिहून घ्या. शहरही बघा, कारण पुलमन झमझम नावाचं हॉटेल मक्केत आहे तसंच मदिनेतही आहे. ‘हरम व्ह्यू’ म्हणजे काबा दिसेलच असं नाही. खिडकीतून नुसते मिनार आणि पटांगणही दिसू शकतं. काबा दिसायला हवा असेल तर तसं स्पष्ट विचारा.

घड्याळाचा टॉवर मिळाला नाही म्हणून हरम लांब पडत नाही. सगळे टॉवर एकाच मॉलभोवती आहेत आणि मॉलमधून बाहेर पडलं की हरमचं पटांगण. खरा वेळ जातो लिफ्टमध्ये. अजान झाली की हजारो माणसं एकदम खाली उतरू लागतात आणि तुमच्या मजल्यावर लिफ्ट थांबते ती भरलेलीच. म्हणून अजानच्या 40-45 मिनिटं आधी खोली सोडा; जुम्म्याला त्याहून लवकर.

चुकामूक झाली तर ‘घड्याळाखाली भेटू’ म्हणू नका. तबकड्या चारही बाजूंना आहेत, खाली मॉलची दारं अनेक. हरमच्या दरवाजाचा नंबर ठरवा.

सरकारी हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांचा मुक्काम बहुतेक मक्केच्या अझीझिया भागात असतो, तिथून बसने यावं लागतं. वरचं सगळं खासगी टूरवाल्यांसाठी. घरी फोन करताना मात्र दोघांनाही एकच हिशेब : घड्याळात दिसेल त्यात अडीच तास मिळवा, की भारतातली वेळ.