दर फेऱ्याला दोन-तीन अणू

पिकअपला लागणारा ७.०० आर १५ मापाचा टायर घ्या. त्याचा घेर साधारण २.३५ मीटर. नक्षीची खोली कंपनीगणिक बदलते, पण झिजण्यासाठी हाताशी असलेलं रबर ८ मिलिमीटर आहे असं धरू. हा टायर ५०,००० किलोमीटर चालला तर तेवढ्यात दोन कोटींहून जास्त फेरे मारतो. ८ मिलिमीटरला त्या फेऱ्यांनी भागलं की एका फेऱ्याच्या वाट्याला ०.४ नॅनोमीटरही येत नाही. म्हणजे जेमतेम दोन-तीन अणूंची जाडी. अर्थात ही सरासरी झाली. रबर काही अणू मोजून सुटत नाही, त्याचे बारीक कण तुटून पडतात.

आता दुसरा टायर पाहा, १५,००० किलोमीटरातच गोटा झालेला. त्याची झीज दर फेऱ्याला सव्वा नॅनोमीटरच्या आसपास. एवढा फरक स्टिअरिंगवर कळत नाही, आवाजात कळत नाही. कळतो तो थेट टायरच्या दुकानात, खिशाला. मग ‘या कंपनीचा माल टिकत नाही’ असं ठरतं आणि पुढचा जोड दुसऱ्या कंपनीचा येतो. तोही तसाच झिजतो, कारण बहुतेक वेळा दोष रबरात नसतोच. तो हवेत, वजनात नाही तर चाकाच्या कोनात असतो.

मुळात फिरणारं चाक घासतं कशाला? चाक न घसरता फिरतंय असं आपण शाळेत शिकतो, पण टायर काही टणक चकती नव्हे. नक्षीचा एखादा ठोकळा वरून खाली येतो, रस्त्याला टेकतो आणि चिकटून राहतो. वरचं चाक पुढे सरकत असतं, त्यामुळे तो ठोकळा ताणला जातो. टेकलेल्या भागाच्या मागच्या टोकाला पोचेपर्यंत त्याच्यावरचा भार कमी होतो, ताण मात्र वाढलेला असतो. तिथे पकड सुटते, ठोकळा झटकन घसरून मूळ जागी येतो आणि उचलला जातो. झीज होते ती प्रामुख्याने या शेवटच्या घसरणीत. ब्रेक मारताना, घाटात जोर लावताना, वळणावर ही घसरण लांबते. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरणारी गाडी आणि सपाट महामार्गावर त्याच वजनाने जाणारी गाडी यांच्या टायरांचं आयुष्य सारखं असूच शकत नाही.

रबर या घासण्याला जे तोंड देतं त्याचं मोठं श्रेय काजळीला आहे. टायर काळा असतो तो रंगासाठी नव्हे. नैसर्गिक आणि कृत्रिम रबराच्या मिश्रणात कार्बन ब्लॅकचे अतिसूक्ष्म कण कालवलेले असतात आणि ते रबराच्या साखळ्यांना घट्ट धरून ठेवतात. गंधकाने रबर पक्कं करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. तिच्यामुळे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होईनासं झालं, पण रस्त्यावर हजारो किलोमीटर घासून घेण्याची ताकद काजळीने दिली.

पिकअपचा प्रश्न कारपेक्षा वेगळा आहे. कारचं वजन एक माणूस असो की पाच, फार बदलत नाही. पिकअप मात्र जाताना हौदा काठोकाठ भरून जाते आणि येताना कित्येकदा रिकामी येते. टायरमधली हवा तीच राहते.

साधा हिशेब करू. भरलेल्या गाडीच्या मागच्या एका टायरवर १,००० किलो भार आहे आणि हवा ६५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.६ किलो. टायरच्या भिंतीचा कडकपणा सोडून दिला, तर रस्त्याला टेकणारा भाग साधारण २२० चौरस सेंटिमीटर येतो. टपालाची पावणेदोन पोस्टकार्डं म्हणा. गाडी रिकामी झाली, भार ३५० किलोवर आला, की तोच भाग ७७ चौरस सेंटिमीटर, पाऊण पोस्टकार्डही नाही. शिवाय टायर आता फुगलेला, म्हणून टेकतो मुख्यतः मधोमध. रिकाम्या फेऱ्या जास्त असलेल्या पिकअपचे मागचे टायर मधल्या पट्ट्यात आधी का उडतात आणि पावसात रिकामी पिकअप वळणावर मागून का सरकते, ही दोन्ही कोडी या एका भागाकारात सुटतात.

म्हणून हवा कमी ठेवावी का? अजिबात नाही. भरलेल्या गाडीत ४० पीएसआय ठेवून पाहा. टेकणारा भाग साडेतीनशे चौरस सेंटिमीटरच्या पुढे जातो, टायरच्या भिंती दर फेऱ्याला जास्त वाकतात आणि मधला भाग थोडा आत दबून दोन्ही कडांवर भार येतो. कडा झिजतात हे त्यातलं छोटं नुकसान. मोठं नुकसान उष्णतेचं. रबर वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा ते सरळ होताना परत देत नाही, काही भाग उष्णता बनून आतच राहतो. जास्त वाकणं, वर वजन, वर वेग, वर मे महिन्याचा रस्ता. रबर आणि आतल्या तारा-धाग्यांचे थर यांना जोडणारी पकड तापून कमकुवत होते, थर सुटतात आणि टायर फुटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा झाली आणि सगळं खापर काँक्रीटवर फुटलं. पृष्ठभागाचा वाटा असेलही, पण तासन्‌तास एकसारखा वेग, ऊन आणि कमी हवा हे त्रिकूट कुठल्याही रस्त्यावर टायर फोडतं.

याच भीतीपोटी एक उलटा उपाय फार रुळला आहे. दुपारी धाब्यावर गाडी थांबवायची, गरम टायरला हात लावायचा आणि ‘प्रेशर वाढलंय’ म्हणून थोडी हवा सोडून द्यायची. समजा सकाळी २७ अंशांना ६५ पीएसआय भरले होते. टायर आतून ६७ अंशांवर गेला की दाब वायूच्या नियमानुसार साधारण ७५-७६ पीएसआय होतो. टायर बनवताना ही वाढ गृहीत धरलेली असते, तिच्यात गैर काही नाही. चालकाने ती उतरवून ६५ वर आणली तर रात्री थंड झाल्यावर टायरमध्ये उरतात सुमारे ५५ पीएसआय. दुसऱ्या दिवशी तोच टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, पुन्हा हवा सोडावीशी वाटते. हवा मोजायची ती टायर थंड असताना, गाडी निघण्यापूर्वी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडाही थंड टायरचाच असतो. आणि नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

हवेनंतरचा खलनायक अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन. खड्ड्यात चाक आदळलं किंवा रॉडचे जोड ढिले झाले, की पुढची चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून किंचित तिरपी होतात. किंचित म्हणजे किती? एक चाक अर्ध्या अंशाने तिरपं असेल तर १५ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फरक पडतो सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरचा. डोळ्यांना दिसत नाही. पण गाडी सरळ जात असताना ते चाक दर किलोमीटरला पावणेनऊ मीटर आडवं फरफटत जातं. लासलगावहून कांदा भरून वाशीला जाऊन परत यायचं तर तेवढ्या प्रवासात हे आडवं घासणं काही किलोमीटर होतं. रबराच्या झिजेचा अभ्यास करणारे संशोधक शालामाख यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिलं, की तिरप्या चाकाची झीज साधारण कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तिरपेपणा दुप्पट, तर त्यापायी होणारी झीज चौपट.

हा दोष ओळखायला यंत्र लागत नाही. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवलं की करवतीसारखं बोचतं, तर चाक तिरपं आहे. एकाच बाजूची कड साफ आणि बाकी टायर धड, तर चाक उभ्या रेषेतून कललंय. ठिकठिकाणी खोलगट वाट्या पडल्या असतील तर शॉकअप गेला असेल, बेअरिंग ढिलं असेल किंवा बॅलन्सिंग बिघडलं असेल. एकाच जागी सपाट चट्टा म्हणजे कधीतरी चाक जाम करून घासलेला ब्रेक. हे पाहण्याआधी टायर काढून भंगारात देणं म्हणजे पुरावा फेकून देणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुटलेलं हे रबर जातं कुठे? काही रस्त्याकडेच्या मातीत, काही हवेत, पुष्कळसं पहिल्या पावसात ओढ्यात. रबराला ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोहो सामन मासे पावसानंतर शहरी ओढ्यांत का मरतात याचा शोध घेणाऱ्यांना २०२० मध्ये उत्तर मिळालं: ६पीपीडी आणि ओझोन यांच्या अभिक्रियेतून बनणारं क्विनोन प्रकारचं एक विषारी रसायन. आपल्याकडचे टायरही काही वेगळ्या दुनियेतले नाहीत.

आता टायर बदलायचा कधी, याकडे येऊ. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. कोरड्या रस्त्यावर तो पुढेही चालेल. पावसात मात्र खाचांना पाणी बाहेर ढकलायला जागाच उरलेली नसते, म्हणून जूनच्या तोंडावर ३ मिलिमीटर नक्षी उरलेला टायर बदलणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही. पावसाळ्याची आणखी एक गंमत: ओल्या रस्त्यावर रबर कमी झिजतं, पण काच-खिळ्याने कापलं जातं ते सहज, कारण पाणी वंगणाचं काम करतं.

नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा असू शकतो. भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. हंगामापुरती बाहेर निघणारी आणि एरवी उन्हात उभी राहणारी पिकअप इथे फसते. टायर फिरत राहिला की आतलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहतं, उभ्या गाडीत ते थांबतं आणि भिंतीला बारीक तडे जातात. स्टेपनीचंही तेच. हौद्याखाली लटकलेली स्टेपनी कोरी करकरीत दिसते, पण वय तिचंही वाढत असतं.

खरेदीतला सर्वांत मोठा सापळा मापाचा आहे. २१५/७५ आर १५ हे माप प्रवासी गाडीच्या टायरलाही असतं आणि मालवाहू टायरलाही. रिमवर दोन्ही बसतात. भिंतीवरचा भारांक १०० असेल तर टायर ८०० किलो पेलतो, १०८ असेल तर १,००० किलो. वरच्या हिशेबातल्या भरलेल्या गाडीला पहिला टायर लावणं म्हणजे प्रत्येक फेरीत दर चाकामागे दोनशे किलोंची उधारी. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला टायर इथे महाग पडतो. ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलकं मालवाहू वाहन) ही अक्षरं आणि भारांक वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एकाच धुरावर एक नायलॉन (आतले धागे तिरपे) आणि एक रेडियल (आतले धागे आडवे) नको, बदलायचा तर जोडच. पण दोनच नवे घेतले तर ते पुढे की मागे? पिकअपवाले पुढे लावतात, कारण पुढचा फुटला की स्टिअरिंग हातातून जातं. टायर कंपन्या कारसाठी मागे लावायला सांगतात, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही. रिकाम्या पिकअपची मागची बाजू किती हलकी असते हे पाहता मला दुसरा युक्तिवाद जास्त पटतो. अट एकच, पुढे जाणारे जुने टायर धड असावेत. फुटायला आलेला टायर पुढेही नको आणि मागेही नको. रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेला, पुढच्या चाकाला तर नकोच.

नवा जोड बसवला की त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावं आणि शे-पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा पाना लावून तपासावेत, कारण नवं बसवलेलं चाक थोडं चालल्यावर नट सैल पडू शकतात.