गॉर्डियन गाठ आणि कोलंबसचं अंडं

आमच्या बेळगावात कट्ट्यावर सीमाप्रश्न निघाला की कुणीतरी म्हणतोच, ‘ही गॉर्डियन गाठ आहे बघा, एकच घाव घालायला पाहिजे.’ शेजारचा मान डोलावतो, ‘कोलंबसचं अंडंच की हो!’ १९५६ पासूनचं हे भिजत घोंगडं, त्याला उपमेनं काही फरक पडत नाही. पण या दोन गोष्टी एक नव्हेत.

गाठ जुनी. आजच्या तुर्कस्तानात, अंकाराच्या नैर्ऋत्येला, गॉर्डियम नावाची फ्रिजियन लोकांची राजधानी होती. राजा गॉर्डियस मूळचा शेतकरी, बैलगाडीतून आलेला. त्याची गाडी देवाला वाहिलेली, आणि तिचं जू दांडीला झाडाच्या सालीच्या दोरानं बांधलेलं. गाठ अशी की दोराचं टोकच दिसेना. ती सोडवील तो आशियाचा धनी, अशी भविष्यवाणी. इ.स.पू. ३३३ मध्ये अलेक्झांडर तिथं आला आणि तलवारीनं गाठ तोडून मोकळा झाला.

अंड्याची गोष्ट मेजवानीतली. नवी भूमी कुणालाही सापडली असती, असं कुणी म्हणालं. कोलंबसनं अंडं पुढं केलं : उभं करून दाखवा. कुणाला जमेना. त्यानं टोक हलकेच आपटून चेपवलं, अंडं उभं. ही गोष्ट १५६५ मध्ये बेन्झोनी या इटालियन प्रवासी-लेखकानं छापली. पण जवळजवळ हीच करामत त्याआधी कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं फ्लॉरेन्सचा घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीच्या नावावर सांगितली होती. म्हणजे कोलंबसचं अंडं बहुधा उसनंच.

दोन्हीकडं काहीतरी तुटतं, म्हणून गल्लत होते. पण अंडं उभं राहिल्यावर बघणारे म्हणतात, ‘हात्तिच्या, हे तर आम्हालाही जमलं असतं!’ आणि कोलंबसला तेच वदवून घ्यायचं असतं. गाठीपाशी तसं कुणी म्हणत नाही. तलवार सगळ्यांच्याच कमरेला होती, पण देवाच्या गाडीवर ती चालवायला छाती लागते. अंडं म्हणजे सुचण्याचं काम, गाठ म्हणजे धजण्याचं. बिरबलाची रेघ या दोघांत बसत नाही. त्यानं मूळ रेघेला बोटही लावलं नाही, शेजारी मोठी ओढली.

आता खरी मजा. अलेक्झांडरबरोबर मोहिमेवर असलेल्या अरिस्टोब्युलसनं वेगळंच सांगितलंय : तलवार नाहीच. दांडीतून आरपार गेलेली एक खुंटी होती, तिच्याभोवती सगळा दोर. अलेक्झांडरनं ती उपसली आणि जू वेगळं केलं. तलवारीची गोष्ट गाजली, ही मागं पडली. मला मात्र हीच पटते, आणि कारण पुस्तकातलं नाही.

लहानपणी खानापूरकडं आजोळी पावसात भिजून फुगलेली गाडीची गाठ मी नखं मोडेस्तोवर सोडवत बसलो होतो. मामा गोठ्यातून आले, दांडीतली खुंटी दगडानं खालून ठोकून वर काढली, आणि दोराचं वेटोळं आपोआप ढिलं पडलं. ‘गाठीला कशाला झोंबतोस रे? ती कशावर बसलीय बघ की आधी!’

मी मनात म्हटलं, हे तर मलाही जमलं असतं. म्हणजे अरिस्टोब्युलस खरा असेल, तर गाठीची गोष्टसुद्धा अंड्याचीच निघते, आणि कट्ट्यावरचे ते शेजारी चुकून का होईना बरोबर ठरतात. घाव घाला म्हणणाऱ्यांनाच मग विचारावं लागेल, खुंटी कुठं आहे ती बघितलीय का कुणी?