टायटॅनियम, पोलाद आणि ध्वनीच्या तिप्पट वेग

ओझरहून सुखोई उठले की दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षबागेत काम करणारा माणूसही हातातली कात्री थांबवून वर बघतो. नाशिकची ही सवय साठ वर्षांची आहे. १९६२ च्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि १९६४ मध्ये ओझरचा मिग कारखाना सुरू झाला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. त्यामुळे इथल्या विमानवेड्यांच्या गप्पा मिग-२१ पासून सुरू होतात आणि हमखास दोन विमानांवर येऊन पोचतात : रशियाचे मिग-२५ आणि अमेरिकेचे एसआर-७१. दोन्हीही ओझरला बनली नाहीत. पण मिग-२१ मॅक २ च्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या, आसपास का थांबते आणि ही दोन मॅक ३ च्या घरात कशी जातात, हे कळले की या विषयाची गोडी लागते.

टेहळणीला इतका वेग हवा झाला त्याला कारण दोन घटना. १० एप्रिल १९५९ रोजी भारतीय हवाई दलाचे कॅनबेरा टेहळणी विमान पाकिस्तानच्या सेबर विमानाने रावळपिंडीजवळ पाडले. पुढच्या वर्षी १ मे रोजी अमेरिकेचे यू-२ सोव्हिएत क्षेपणास्त्राने स्वेर्दलोव्स्कजवळ पडले. यू-२ तर ७० हजार फुटांवरून उडायचे. नुसती उंची आता पुरणार नव्हती, उंचीला वेगाची जोड लागणार होती.

वेग वाढला की उष्णता वाढते, आणि तिचा हिशेब मोबाइलवरही करता येतो. ही विमाने उडतात त्या स्ट्रॅटोस्फिअर या वरच्या थरातली हवा सुमारे उणे ५६ अंशांची, म्हणजे २१७ केल्विन. मॅक आकड्याचा वर्ग करा, त्याला ०.२ ने गुणा, १ मिळवा आणि आलेल्या संख्येने २१७ ला गुणा. विमानाच्या नाकावर आपटून थांबलेली हवा किती तापते ते मिळते. मॅक २ ला उत्तर येते ११७ अंश सेल्सिअस. नेहमीचे ॲल्युमिनियम मिश्रधातू इथवर तग धरतात, म्हणून मिग-२१ ॲल्युमिनियमचे आणि कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमानही. मॅक २.८३ ला २९२ अंश, मॅक ३.२ ला जवळजवळ ३९०. तिथे ॲल्युमिनियमची ताकद राहत नाही. धातूच बदलावा लागतो.

अमेरिकेने टायटॅनियम घेतले. एसआर-७१ च्या सांगाड्यात ते सुमारे ८५ टक्के होते, आणि त्यातले बरेचसे दुसऱ्या कंपन्यांच्या नावावर सोव्हिएत युनियनकडूनच विकत घेतलेले. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत ज्यांनी टायटॅनियमवर ड्रिल चालवले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. हा धातू उष्णता पटकन वाहून नेत नाही, ती टोकावरच साठते आणि बिट जळते. एसआर-७१ बनवणाऱ्या लॉकहीडच्या कारखान्यात सुरुवातीला सतरा भोकांत एक बिट निकामी व्हायचे. बिटची धार, फेरे आणि कूलंट बदलल्यावर तोच आकडा शंभराच्या वर गेला.

त्याहून चिवट दोष रसायनांचे होते. काही बोल्टची डोकी तापवल्यावर आपोआप तुटून पडत. शोध घेतला तर पान्यांवर कॅडमियमचा मुलामा निघाला. घट्ट करताना त्याचा अंश बोल्टला लागे आणि उष्णतेत टायटॅनियम ठिसूळ होई. सगळ्या पेट्यांतून कॅडमियमचे पाने काढून टाकले. स्पॉट वेल्डिंग केलेले पत्रे उन्हाळ्यात जोडले तर लवकर फुटत, हिवाळ्यातले टिकत. उन्हाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून नगरपालिका पाण्यात क्लोरिन जास्त घाले आणि पत्रे त्याच पाण्याने धुतले जात. मग धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी आले. क्लोरिन असलेल्या शाईच्या मार्करने पत्र्यावर मारलेली रेघही तापल्यावर धातूत खात उतरायची. कोणत्याही कारखान्यात नवीन धातू आला की आधी हत्यारे, पाणी आणि शाई तपासावी, हे इथून शिकण्यासारखे आहे.

मिग विमाने घडवणाऱ्या सोव्हिएत मिकोयान-गुरेविच संस्थेने दुसरी वाट धरली. मिग-२५ चा टेहळणी नमुना ६ मार्च १९६४ रोजी उडाला. सांगाड्यात सुमारे ८० टक्के निकेलयुक्त पोलाद, ११ टक्के ॲल्युमिनियम आणि फक्त ९ टक्के टायटॅनियम. पोलाद जड, पण वेल्डिंगला सोपे. रिव्हेट मारलेल्या टाकीतले सीलंट ३०० अंशांजवळ टिकवणे अवघड, म्हणून इंधनाच्या टाक्या थेट पोलादी सांगाड्यातच वेल्ड केल्या. एसआर-७१ ला हाच प्रश्न शेवटपर्यंत सतावत राहिला. सांगाडा थंड असताना टाक्यांच्या सांध्यांतून इंधन धावपट्टीवर ठिबकायचे. त्याचे जेपी-७ इंधन मात्र इतके सावकाश पेट घेणारे की इंजिन पेटवायला हवेशी संपर्क येताच भडकणारे ट्रायइथाइल बोरेन लागे, आणि दर इंजिनाला त्याचे सोळा डोस मिळत. पेटताना हिरवी ज्योत दिसे.

इंजिनांतही असाच फरक. एसआर-७१ चे जे-५८ मॅक ३ च्या पुढे गेले की निम्म्याहून जास्त रेटा हवा आत घेणाऱ्या भागातून येई. तिथला शंकू वेगाबरोबर एकूण ६६ सेंटिमीटर मागे सरके आणि धक्का-लहर, म्हणजे ध्वनीहून वेगवान हवा जिथे एकदम दाबली जाते ती लहर, योग्य जागी धरून ठेवी. ती लहर बाहेर फेकली गेली तर एका बाजूचा रेटा क्षणात नाहीसा होई, विमान आडवे वळे आणि वैमानिकाचे हेल्मेट काचेवर आदळे. १९८० च्या दशकात संगणकीय नियंत्रण आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. मिग-२५ चे आर-१५ इंजिन साधे, पाच टप्प्यांच्या कॉम्प्रेसरचे. मर्यादा मॅक २.८३ ची. इजिप्तहून सायनायवर गेलेल्या एका मिग-२५ चा वेग इस्रायली रडारवर मॅक ३.२ दिसला, पण परतल्यावर त्याची इंजिने भंगारात गेली.

मॅक ३.२ म्हणजे सेकंदाला साधारण ९४० मीटर. नाशिक ते मुंबई सरळ रेषेत अडीच मिनिटे. पण ३५ अंश कलून वळायचे ठरवले तर वळणाची त्रिज्या सुमारे १३० किलोमीटर होते. नाशिकवर उत्तरेकडे तोंड करून उजवीकडे वळायला लागलेले विमान दक्षिणाभिमुख होईपर्यंत जालन्याच्याही पुढे गेलेले असेल, आणि त्यात सात मिनिटे जातील. सरहद्दीजवळ टेहळणी करणाऱ्याला मार्ग आखताना हे वळण सगळ्यात आधी बसवावे लागते.

भारताने मिग-२५ १९८१ मध्ये घेतले. बरेलीच्या १०२ स्क्वाड्रनचे नाव ‘ट्रायसॉनिक्स’, विमानाचे ‘गरुड’. बाकी हवाई दलाला जिथे पोचता येत नव्हते तिथून त्यांनी पंचवीस वर्षे छायाचित्रे आणली. एसआर-७१ ची एकूण ३२ विमाने बनली, १२ अपघातांत गेली, शत्रूच्या माऱ्याने एकही नाही. २८ जुलै १९७६ चा ताशी ३,५२९ किलोमीटरचा विक्रम आजही जेट विमानांत त्याच्याच नावावर आहे. त्याची शेवटची उड्डाणे नासाने १९९९ मध्ये केली. भारताने ऑक्टोबर २००१ मध्ये टीईएस आणि मे २००५ मध्ये कार्टोसॅट-१ हे जमिनीची छायाचित्रे घेणारे उपग्रह सोडले, आणि १ मे २००६ रोजी ‘गरुड’ निवृत्त झाले.

ओझरला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए चे २०२५ च्या ऑक्टोबरात उड्डाण झाले. त्याच्या सांगाड्यात कार्बन फायबरचा वाटा मोठा आहे, आणि मॅक १.६ च्या वेगाला तो चालतो.