उतारवय आणि टेस्टोस्टेरॉन : आधी औषध आलं, मग आजार शोधला गेला

बैल खच्ची केला की शांत होतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण आहेच, आणि सुश्रुतसंहितेत बोकडाच्या वृषणांसह उकळलेल्या दुधात तीळ भिजवून खाण्याचा पाठही आहे. पुरुषाच्या ताकदीचं मूळ वृषणात आहे हा अंदाज जुनाच. ते मूळ रक्तातून अंगभर पोचतं, हे मात्र कोंबड्यांनी दाखवलं.

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांची वृषणं पूर्ण काढली त्यांचे तुरे फिके पडले, ते ना नीट आरवत, ना भांडत. ज्यांच्या पोटात एखादं वृषण पुन्हा ठेवलं, ते मात्र ताठ तुऱ्याचे, भांडखोर कोंबडे झाले. पोट उघडून पाहिलं तर त्या वृषणाला जुने मज्जातंतू जोडलेले नव्हते, पण नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या. इतका साधा आणि इतका देखणा प्रयोग क्वचितच वाचायला मिळतो.

पुढची गोष्ट १ जून १८८९ ची. पॅरिसमध्ये बहात्तर वर्षांचे नामवंत शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी सहकाऱ्यांसमोर सांगितलं, की कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला. जिने पुन्हा भराभर चढता येऊ लागले, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहता येऊ लागलं. लघवीची धार किती लांब जाते, हेसुद्धा त्यांनी मोजलं होतं. माणूस प्रामाणिक होता, पण वृषणं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) बनवतात, साठवत नाहीत, आणि ते पाण्यात जवळपास विरघळतही नाही. त्या अर्कात ते नावापुरतंच असणार. जाणवला तो विश्वासाचा परिणाम. तरीही तसल्या अर्कांचा बाजार युरोप-अमेरिकेत जोरात चालला, आणि १९२० च्या दशकात सर्ज वोरोनॉफ हे सर्जन माकडाच्या वृषणाचे काप माणसांना बसवू लागले.

खरं द्रव्य हाती आलं १९३५ मध्ये. ॲम्स्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांनी ते कोलेस्टेरॉलपासून तयार केलं.

आता प्रश्न उरला, द्यायचं कुणाला? वृषणं किंवा त्यांना हुकूम देणारी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी खरोखर बिघडलेल्या रुग्णाला ते वरदानच. १९४४ मध्ये हेलर आणि मायर्स या अमेरिकी डॉक्टरांनी लघवीतली पिट्युटरीची संप्रेरकं तपासून खरी कमतरता असलेले पुरुष आणि मानसिक कारणाने त्रस्त असलेले पुरुष वेगळे काढले. इंजेक्शनचा गुण पहिल्या गटाला आला, दुसऱ्याला नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा धडा हाच, आणि सर्वांत आधी विसरला गेला तोही हाच.

२००० साली अमेरिकेत त्वचेवर लावायचं जेल आलं. थकवा, सुटलेलं पोट, मंदावलेली इच्छा हे सगळं ‘लो टी’, म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणून जाहिरातींत झळकू लागलं. बाईची पाळी काही वर्षांत थांबते. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन मात्र तिशी-चाळिशीनंतर हळूहळू, वर्षाला साधारण एक टक्का घटतं. याला ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ म्हणणं चूकच. २०१० मध्ये ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ युरोपीय पुरुषांच्या पाहणीत, लक्षणं आणि रक्तातली पातळी दोन्ही जुळली तरच मोजायचं ठरवल्यावर, उतारवयातल्या कमतरतेचा हा विकार जेमतेम दोन टक्क्यांना निघाला. २०१५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने बजावलं, की केवळ वयामुळे पातळी घटलेल्यांसाठी या औषधाचा फायदा आणि सुरक्षितता सिद्ध झालेली नाही.

या औषधाने हृदयाला धोका होईल ही भीती २०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीने बरीच कमी केली. पाच हजारांहून अधिक पुरुषांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात वाढले नाहीत. हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात अडकणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या मात्र काहीशा जास्त दिसल्या.

म्हणून सकाळच्या वेळी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासल्याशिवाय निदान करू नये. वजन, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं यांनीही पातळी खाली येते. आणि मूल हवं असलेल्या पुरुषाने हे आधी विचारात घ्यावंच: बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी वृषणांना हुकूम देणं थांबवते, आणि शुक्राणू घटत जातात.