खोडलेला आकडा

ग्रेट ब्लास्केट हे आयर्लंडच्या पश्चिम टोकाचं, केरी परगण्याच्या किनाऱ्यासमोरचं बेट. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने तिथली उरलीसुरली माणसं मुख्य भूमीवर हलवायला घेतली आणि गाव ओस पडलं. पण १९०१ आणि १९११ सालचं ते गाव आजही घरोघर फिरून पाहता येतं. त्या दोन्ही खानेसुमारींचे मूळ तक्ते शाबूत आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत.

हे कागद वाचले हेच नवल. १८८१ आणि १८९१चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. १८२१ ते १८५१चे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या आगीत जळाले.

घराची नोंद पोलीस करत. भिंती दगडाच्या असल्या तर एक गुण, मातीच्या असल्या तर शून्य. छत स्लेटचं असेल तर एक, गवताने शाकारलेलं असेल तर शून्य. त्यात खोल्यांचे आणि दर्शनी खिडक्यांचे गुण मिळवले की घराचा दर्जा ठरे. त्यामुळे एकेक घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

वयाचा रकाना मात्र जपून वाचावा. एकाच माणसाचं वय दहा वर्षांत पंधरा-सोळांनी वाढलेलं दिसतं. यामागे वृद्धापकाळाचं पेन्शन आहे. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम मिळू लागली. आयर्लंडमध्ये सक्तीची जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ला, म्हणजे या म्हाताऱ्यांकडे जन्मदाखला असणंच शक्य नव्हतं. याला सरसकट लबाडी म्हणणं मला पटत नाही. नेमकं वय कधी कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून १९०१मध्ये अनेकांनी अंदाजे गोल आकडा सांगितला होता. पेन्शनसाठी पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१च्या खानेसुमारीत नावं शोधली जात. पुढे ते मूळ कागद जळाले, पण शोधासाठी केलेल्या अर्जांवर उतरवलेल्या नोंदी मागे राहिल्या.

बायकांच्या नावापुढे धंद्याचा रकाना बहुधा कोरा असतो. घरकाम हा धंदा धरला जात नसे. समुद्राकाठच्या संसारात बाईने दिवसभर उपसलेले कष्ट त्या कोऱ्या चौकटीत शोधावे लागतात.

१९११च्या तक्त्यात विवाहित स्त्रीसाठी तीन नवे प्रश्न होते: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. शेवटच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की त्या घराने किती मुलं गमावली ते कळतं. एवढी थेट नोंद मला दुसऱ्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

विधवांना हे प्रश्न लागू नव्हते. तरी आयर्लंडभर कित्येक विधवांच्या नावापुढे उत्तरं भरलेली आढळतात. तपासणाऱ्याने नियमाप्रमाणे त्यांवर रेघ ओढली आहे. रेघ एकच आणि बारीक असते. तिच्याखालचा आकडा सहज वाचता येतो.