बसमधल्या लाल बटणामागचा इतिहास

नव्या प्रवासी बसमध्ये सीटजवळ एक लाल बटण दिसते. पुष्कळांना ती उतरायची घंटा वाटते. खरे तर ते संकटात मदत मागण्यासाठीचे पॅनिक बटण आहे, आणि त्याची वायर जीपीएसच्या डबीला जोडलेली असते. ही डबी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून आली असा सर्वसाधारण समज आहे. प्रवासी गाड्यांत ती सक्तीची झाली ती मात्र १६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीनंतर. त्या रात्री दिल्लीच्या रस्त्यांवर एक खासगी बस फिरत राहिली. आत एका तरुणीवर अत्याचार होत होते आणि बाहेर कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

जीपीएस मुळात अमेरिकी लष्कराचे. त्याचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. सर्वसामान्यांसाठी दार उघडले तेही एका दुर्घटनेनंतर. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ जण मारले गेले. ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करू, असे अमेरिकेने त्यानंतर जाहीर केले. तरीही नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, सुमारे शंभर मीटरपर्यंतची. एवढ्या फरकात गाडी पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर आहे की शेजारच्या कुमठेकर रस्त्यावर, हे खात्रीने सांगणे कठीण. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली आणि रस्त्यावरच्या गाडीचा माग काढणे खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. उपग्रह गाडीवर नजर ठेवत नाही. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो. किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून डबी आपली जागा स्वतः काढते, आणि ती आतल्या सिमकार्डवरून मोबाइल नेटवर्कने नियंत्रण कक्षाला कळवते. म्हणून घाटात रेंज गेली की जागा डबीला ठाऊक असते, पण कक्षाला ती कळत नाही.

२०१३ च्या अर्थसंकल्पात महिलांच्या सुरक्षिततेसाठी १,००० कोटींचा निर्भया निधी आला. २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हे कलम घातले गेले, आणि डबी कशी असावी हे एआयएस-१४० या मानकाने ठरवले. त्यात आपल्या ‘नाविक’ उपग्रहांचाही आधार घेतला आहे. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली जात राहिली. अखेर १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी गाड्यांना ती लागू झाली. रिक्षा आणि ई-रिक्षा वगळल्या गेल्या, जुन्या गाड्यांचा निर्णय राज्यांवर सोडला गेला. रात्री उशिरा एकटीने रिक्षाने घरी जाणाऱ्या बाईला या नियमाचा काहीच आधार नाही, हे मला फार खटकते.

मागच्या वर्षी एका टॅक्सीत मी बटणाबद्दल विचारले. ड्रायव्हरदादा म्हणाले, “पासिंगच्या वेळी बसवलंय. सिमचं रिचार्ज केव्हाच संपलंय.” बटणावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता.