टोनच्या आकड्यापासून एफटी८ पर्यंत: डिजिटल सिग्नलच्या स्वच्छतेची पार्श्वभूमी

एफटी८ या संगणकाने चालवल्या जाणाऱ्या डिजिटल मोडवर (संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर) दोन हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, केंद्रांची गाठ पडते तेव्हा ती एकमेकांना एकच आकडा देतात: तुमचा सिग्नल गोंगाटाच्या किती डेसिबल वर किंवा खाली मिळाला. तो स्वच्छ होता की आजूबाजूला चिखल उडवत होता, हे कळवायला त्या संदेशात जागाच नाही. मुक्त मजकुराला १३ अक्षरांची मर्यादा आहे, तेवढ्यात तक्रार बसत नाही. हौशी रेडिओत ही स्थिती अलीकडची. त्याआधी कित्येक दशके सिग्नलचा दर्जा हा रिपोर्टचाच भाग होता.

सुरुवातीच्या ठिणगी ट्रान्समीटरमध्ये दर्जाचा प्रश्न निराळाच होता. प्रत्येक ठिणगीतून निघणारी लहर क्षणात उसळून विझत जाई, आणि अशी लहर बँडचा मोठा पट्टा व्यापते. शेजारच्या केंद्राला त्रास न देता काम करणे जवळपास अशक्यच होते. व्हॉल्व्ह आले आणि अखंड लहर मिळू लागली, तशी १९२० च्या दशकात हॅम मंडळींनी ठिणगी सोडून दिली. १९२७ च्या वॉशिंग्टन आंतरराष्ट्रीय परिषदेने विझत्या लहरींना टप्प्याटप्प्याने बाहेरची वाट दाखवली.

पण अखंड लहरीलाही खोड्या होत्या. वीजपुरवठा नीट गाळलेला नसला की टोन घरघरे. मोर्स की दाबताना ऑसिलेटरवर भार येऊन फ्रिक्वेन्सी सरकली की चिवचिवाट ऐकू येई. आणि ही मोर्स की फार झटक्यात लागली-सुटली की शेकडो हर्ट्झ दूरवर टकटक पोहोचे, तीच की-क्लिक. १९३४ मध्ये आर्थर ब्राटेन यांनी मांडलेल्या आरएसटी (वाचनीयता, ताकद, टोन) या रिपोर्ट-पद्धतीत यासाठी तिसरा आकडा आला: टी, म्हणजे टोन. १ म्हणजे कच्ची घरघर, ९ म्हणजे निर्मळ सूर. पुढे सगळेच सर्वांना ५९९, म्हणजे सर्वोत्तम रिपोर्ट, देऊ लागले आणि त्या आकड्याची धार गेली ती गेलीच. की-क्लिकवरचा उपाय मात्र टिकला: लहर चढायला आणि उतरायला सुमारे ५ मिलिसेकंद द्यायचे. आजच्या डिजिटल मोडचे निम्मे दुखणे हेच आहे. बदल जितका झटक्यात, तितका पट्टा रुंद. उरलेले निम्मे म्हणजे कुठल्यातरी टप्प्यात सिग्नल त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेलिप्रिंटर यंत्रे हॅमच्या हाती पडली. १९५३ मध्ये अमेरिकेत शॉर्टवेव्ह बँडांवर फ्रिक्वेन्सी-शिफ्ट कीइंगला (फ्रिक्वेन्सी दोन जागांमध्ये सरकवून अक्षरे पाठवण्याला) परवानगी मिळाली. आधी ८५० हर्ट्झची शिफ्ट चाले, नंतर १७० हर्ट्झ रूढ झाली, वेग ४५.४५ बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बदल. एसएसबी (एकाच बाजूचा पट्टा पाठवणाऱ्या) ट्रान्समीटरच्या ध्वनिमार्गातून आरटीटीवाय, म्हणजे हे टेलिप्रिंटर संदेश, पाठवताना २१२५ आणि २२९५ हर्ट्झ ही टोनजोडी वापरली जाते, त्यामागे साधा हिशेब आहे. २१२५ चा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीची नको असलेली प्रत, ४२५० वर पडतो आणि एसएसबी फिल्टर तो गिळून टाकतो. टोन ८०० च्या आसपास ठेवले तर १६०० आणि २४०० वरचे हार्मोनिक फिल्टरच्या आतच राहतात आणि थेट हवेत जातात.

डिसेंबर १९९८ मध्ये पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके३१ या फेज बदलून मजकूर पाठवणाऱ्या मोडची विंडोजवर चालणारी आवृत्ती दिली आणि वेगळ्या मोडेमची गरज संपली. साउंड कार्ड असलेला कोणताही संगणक पुरेसा झाला. वेग ३१.२५ बॉड, रुंदी जेमतेम ६० हर्ट्झ. ही अरुंदता फुकट मिळत नाही. फेज उलटते त्या क्षणी सिग्नलची उंची हळुवारपणे शून्यावर आणली जाते आणि मग पुन्हा वर नेली जाते. म्हणजे माहिती फेजमध्ये असली, तरी स्वच्छता उंचीच्या आकारात आहे. तो आकार कुठे कापला गेला की अरुंदपणा संपला.

टंकन थांबलेले असताना पीएसके३१ दोन टोन पाठवतो, मध्यापासून प्रत्येकी सुमारे १५.६ हर्ट्झवर. ड्राइव्ह, म्हणजे ट्रान्समीटरला दिलेला ध्वनी, जास्त झाला की त्यांच्या मिश्रणातून तिसऱ्या क्रमाची पिल्ले ४६.९ हर्ट्झवर उगवतात, पाचव्या क्रमाची ७८.१ वर. वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या फ्रिक्वेन्सी-वेळेच्या चित्रावर, समांतर रुळांसारख्या रेषा दिसतात त्या ह्याच. कार्यक्रम त्यांची पातळी आयएमडी (टोनांच्या मिश्रणातून होणारी विकृती) म्हणून दाखवतात: उणे ३० डेसिबल उत्तम, उणे २५ चालेल, उणे २० म्हणजे शेजाऱ्याला त्रास. हे मापन टंकन थांबले असतानाच आणि सिग्नल जोरदार असतानाच खरे असते. अशक्त सिग्नलवर तो आकडा गोंगाटाचाच असतो. टोन-रिपोर्टची परंपरा इथे काही काळ पुन्हा जिवंत झाली, हे पीएसके३१ चे कमी सांगितले जाणारे योगदान आहे.

साउंड कार्डाने एक जबाबदारीही हलवली. आधी मोडेमच्या डब्यातून निघणारी ध्वनिपातळी एकदा लावली की विषय संपे. आता ती संगणकाच्या दोन-तीन स्लायडरवर, कार्यक्रमातल्या पॉवरच्या दांडीवर आणि रिगच्या (रेडिओ संचाच्या) मेन्यूत विखुरली. लाइन-आउट साधारण १ व्होल्ट देते, माइकच्या सॉकेटला काही मिलिव्होल्टच लागतात. मधे सुमारे ४० डेसिबल कमी करणारा भाग हवाच: १० किलो-ओहम मालिकेत आणि १०० ओहम जमिनीकडे. तो नसला की स्लायडर तळाशी चिकटवून काम भागवले जाते. मग कार्डाचा स्वतःचा खरखराट उपयुक्त सिग्नलच्या जवळ येतो. त्याच वायरीतून संगणक आणि रिग यांच्यात ग्राउंड लूप (जमिनीच्या जोडणीचे वेटोळे) होतो आणि मेन्सची घरघर टोनवर चढते. ६०० ओहमचा १:१ ट्रान्सफॉर्मर हा त्यावरचा जुना आणि अजूनही खात्रीचा इलाज. यूएसबी साउंड कोडेक, म्हणजे साउंड कार्डच, रिगमध्ये आल्यावर ही कटकट बरीच कमी झाली. संगणकाचा सूचनांचा आवाज हवेत जाणे मात्र कमी झालेले नाही. त्यासाठी रिगचे कोडेक संगणकाचे नेहमीचे प्लेबॅक साधन म्हणून कधीही निवडू नये.

ड्राइव्ह लावण्याची पद्धत पीएसके३१ च्या काळात पक्की झाली. स्पीच प्रोसेसर बंद. रिगची पॉवर हव्या त्या पातळीवर. ध्वनी शून्यापासून वर न्यायचा, एएलसीची (पॉवर आपोआप आवरणाऱ्या मंडलाची) सुई हलली की थांबायचे आणि ती पुन्हा शून्यावर येईपर्यंत मागे यायचे. १०० वॅट शिखर-पॉवरच्या रिगवर टंकन थांबलेले असताना सरासरी मीटर ५० च्या वर जाता कामा नये, कारण दोन समान टोनांची सरासरी शिखराच्या निम्मी असते. २० ते ३० वॅट पुरतात. ड्राइव्ह १ डेसिबलने उतरवला की तिसऱ्या क्रमाची पिल्ले साधारण ३ डेसिबलने उतरतात. म्हणून पॉवर निम्मी केली तर पलीकडे सिग्नलमापकावर जेमतेम अर्धा एस-युनिट कमी दिसतो, पण पिल्ले मुख्य सिग्नलच्या तुलनेत आणखी ६ डेसिबल खाली जातात. इतका फायद्याचा सौदा रेडिओत क्वचितच मिळतो.

जुलै २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांचा एफटी८ आला. १५ सेकंदांची पाळी, ६.२५ हर्ट्झ अंतरावरचे आठ टोन, एकूण ५० हर्ट्झ. यात उंची स्थिर असते, म्हणून पीएसके३१ चा एएलसी-नियम इथे अक्षरशः पाळण्याचा आग्रह थोडा जास्तच होतो. एकट्या स्थिर टोनला एएलसीचा हलका स्पर्श झाला म्हणून रूळ उगवत नाहीत. खरा धोका ध्वनीच्या टप्प्यांत असतो, आणि तो आरटीटीवायच्या काळचाच: हार्मोनिक. त्यावर डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या कार्यक्रमात स्प्लिटचा (पाठवताना डायल वेगळा लावण्याचा) ‘फेक इट’ पर्याय आहे. समजा १४.०७४ मेगाहर्ट्झवर ६०० हर्ट्झला पाठवायचे आहे. तसेच पाठवले तर १२००, १८०० आणि २४०० हर्ट्झवरचे हार्मोनिक फिल्टरच्या आत येतात. ‘फेक इट’ पाठवताना डायल १४.०७३ वर नेतो आणि ध्वनी १६०० करतो. हवेतली फ्रिक्वेन्सी तीच, १४.०७४६, दुसरा हार्मोनिक मात्र ३२०० वर, फिल्टरच्या बाहेर. २०१९ मध्ये २.१ आवृत्तीने टोन बदलतानाच्या कडाही गाउसियन पद्धतीने गोलावल्या, म्हणजे की-क्लिकवरचाच जुना उपाय फ्रिक्वेन्सीला लावला.

वॉटरफॉलवरून दोष ओळखता येतो. दुप्पट फ्रिक्वेन्सीवर दुप्पट रुंद, म्हणजे १०० हर्ट्झची पट्टी दिसली आणि ती डीकोड होत नसली, तर तो ध्वनीचा हार्मोनिक. टोनांमधले अंतरही दुप्पट झाल्याने कार्यक्रमाला ती वाचता येत नाही. तोच संदेश ५० किंवा १०० हर्ट्झ अंतरावर पुन्हा डीकोड झाला, तर मेन्सची घरघर. जिथे मेन्स ६० हर्ट्झचा आहे तिथे ६० किंवा १२०. अँटेनावर बिघडणारा सिग्नल डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रोधावर) सुधारला, तर रेडिओ लहर केबलच्या बाहेरून परत ध्वनिमार्गात शिरते आहे. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट कड्यावर अँटेनाच्या कोॲक्स केबलचे १० ते १२ वेढे (चोक) आणि यूएसबी केबलवरही चोक, इथून सुरुवात करावी.

दुसऱ्याला दोष देण्याआधी स्वतःच्या रिसीव्हरवर १० किंवा २० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावावा. खोट्या पट्ट्या मुख्य सिग्नलपेक्षा झपाट्याने विरल्या तर रिसीव्हरच ओव्हरलोड होतो आहे. स्वतःच्या सिग्नलसाठी दूरचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून वापरता येणारा रिसीव्हर) उपयोगी पडतो, जसा नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा. एक पाळी नेहमीच्या ड्राइव्हने आणि पुढची ६ डेसिबल कमी ड्राइव्हने पाठवून दोन्ही वॉटरफॉल शेजारी ठेवावेत. मुख्य पट्टी ६ ने उतरली आणि बाजूच्या त्याहून जास्त उतरल्या, तर आधीचा ड्राइव्ह जास्त होता.